परवडणारे घर आणि सेवाभावी संस्थेचे नेतृत्व : देऊळगाव राजाच्या निमित्ताने

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, जालना जिल्ह्याच्या सीमेला लागून देऊळगाव राजा हा तालुका आहे. बालाजी महाराजांच्या यात्रेसाठी हे गाव सर्वदूर प्रसिद्ध आहे. त्या यात्रेत उंच लाकडी लाटांचा मंडप भाविकांच्या हातांनी उभा राहतो. शेजारी जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा आहे, आणि याच तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. चोखोबांच्या अखेरची हकिकत परंपरा अशी सांगते : मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर वेठीला लावलेले असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांसह तेही तिच्याखाली गाडले गेले. हे वर्ष १३३८ मानले जाते. ज्याला गावकुसाच्या आत राहण्याची मुभा नव्हती, त्याच्याच हातांनी गावाचे कूस बांधून घेतले जात होते. घर बांधणारा आणि घरात राहणारा यांच्यातील हे अंतर पुष्कळ ठिकाणी आजही मिटलेले नाही. वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाचे स्वतःचे छप्पर पत्र्याचे असते, हे आपण सारेच पाहतो.

बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांताच्या कक्षेत येतो. या भागात आपल्या श्रद्धावंतांची संख्या थोडी आहे. तथापि निवाऱ्याचा प्रश्न कोणत्याही एका समाजाचा नाही. गोरगरिबांना परवडणारे घर मिळवून देण्यासाठी संस्था काढावी, असा विचार अनेक धर्मग्रामांतील प्रापंचिक मंडळी अधूनमधून बोलून दाखवतात. अशी संस्था चालवणाऱ्याने काय जाणून घ्यावे आणि तिचे नेतृत्व म्हणजे नेमके काय, याविषयी उपलब्ध अनुभवांचा संग्रह या लेखात आम्ही करीत आहोत.

ख्रिस्तसभेची शिकवण

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ हे वर्ष बेघरांसाठी निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'न्याय आणि शांती' या परमपीठीय आयोगाने ख्रिस्तसभा आणि घरांचा प्रश्न या विषयावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. बेघर भावाचे तू काय केलेस, असा थेट प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. घर ही बाजारातली केवळ एक वस्तू नसून माणसाच्या प्रतिष्ठेची आणि कुटुंबजीवनाची अट आहे, ही त्याची मध्यवर्ती भूमिका होती. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २८ ऑक्टोबर २०१४ रोजी लोकचळवळींच्या प्रतिनिधींसमोर बोलताना जमीन, घर आणि काम या तीन गोष्टी प्रत्येकाच्या पवित्र हक्कात गणल्या. 'लाउदातो सी' या २०१५ च्या विश्वपत्रातही घरांच्या टंचाईला त्यांनी पर्यावरणाच्या प्रश्नाशी जोडून घेतले.

आपल्या मराठी मुलखातही या विचाराचा जुना दाखला सापडतो. वांद्र्याची साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था १९१८ साली स्थापन झाली. मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन जमीन घ्यावी, ती सर्वांच्या वतीने सांभाळावी आणि आपापली घरे बांधावीत, हा तिचा मार्ग होता. तेथील घरांच्या आजच्या किमती पाहता 'परवडणारे' या शब्दाचा उल्लेख थोडा विनोदी वाटेल. पण सहकाराचा हा प्रयोग त्या काळी खरोखरच साध्या नोकरदारांसाठी होता.

तालुक्यातील घरकुल : पैसा कोठे अडतो

ग्रामीण भागात इंदिरा आवास योजना १९८५-८६ पासून राबवली गेली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. या योजनेत सपाट प्रदेशासाठी घरामागे १,२०,००० रुपयांचे साहाय्य ठरले. त्याखेरीज रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२,००० रुपये अशी जोड देण्यात आली. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास, विमुक्त व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा योजना आहेत. नगरपरिषदेच्या हद्दीत शहरी योजना लागू होते. तीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळतात.

योजना इतक्या असताना माणसे कुडाच्या व पत्र्याच्या घरात का राहतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर पंचायत समितीच्या ओसरीवर थांबलेल्या कोणालाही विचारावे. साहाय्याची रक्कम हप्त्यांनी येते : मंजुरीनंतर पहिला हप्ता, जोत्यापर्यंत काम आल्यावर पुढचा, मग भिंती व छताच्या टप्प्यावर त्यापुढचा. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र जागेवरून मोबाईलवर चढवल्याशिवाय पुढची रक्कम निघत नाही. म्हणजे काम आधी आणि पैसा नंतर. हातावर पोट असलेल्या कुटुंबाने मधल्या दिवसांत सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी कोठून आणावी? येथे सावकार उभा असतो. जालन्याच्या लोखंड कारखान्यांतून निघणारी सळई देऊळगाव राजाहून फार दूर नाही. पण जवळ असली म्हणून ती स्वस्त होत नाही. वाळूचे लिलाव रखडले की घरकुलेही रखडतात. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रास वाळू विनामूल्य देण्याची तरतूद शासनाने केली, यावरूनच अडचण किती मोठी होती हे लक्षात यावे.

दुसरी अडचण जागेची. घर बांधण्यासाठी पैसा मिळतो, पण ज्याच्या नावावर जागाच नाही त्याचे काय? पिढ्यान्पिढ्या ई-क्लास जमिनीवर किंवा गावठाणाच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबांचे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर 'अतिक्रमण' या शेऱ्यासह असते, किंवा नसतेच. शासनाने अशी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे निर्णय घेतलेले आहेत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागाखरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजनाही आहे. तीत सुरुवातीस ५०,००० रुपयांपर्यंत मदत मिळत असे. या निर्णयांचा लाभ मिळण्यासाठी मोजणी, ठराव, पुरावे आणि चिकाटी लागते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले कुटुंब चार-सहा महिने गावात नसते. पाहणी करणारे कर्मचारी येऊन जातात, दार बंद दिसते, आणि यादीतून नाव गळते.

आमच्या मते देऊळगाव राजासारख्या तालुक्यात काम करू इच्छिणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने येथेच थांबून विचार करावा. संस्था काढली की पहिली हौस असते ती घरे बांधून देण्याची : फलक लावता येतो, फीत कापता येते, देणगीदारास छायाचित्र पाठवता येते. दहा घरे बांधण्यात संस्थेची सारी पुंजी संपते. तोच पैसा फिरता ठेवून, दोन हप्त्यांच्या मधल्या काळात कुटुंबास बिनव्याजी उसना दिला आणि हप्ता जमा होताच परत घेतला, तर त्याच रकमेतून कितीतरी पट अधिक घरांचे छत पडू शकते. यात जोखीम आहे, कारण हप्ता उशिरा आला तर संस्थेचे पैसे अडकतात. म्हणून एका वेळी किती कुटुंबांना उसनवारी द्यायची याची मर्यादा आधी ठरवावी आणि ती कोणाच्याही शब्दाखातर मोडू नये. 'नाही' म्हणता येणे हा नेतृत्वाचा मोठा भाग आहे, आणि दुर्दैवाने तो कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवला जात नाही.

भायखळ्याच्या पदपथावरून

महाराष्ट्रात या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला अनुभव मुंबईचा आहे. १९८१ साली पदपथावरील झोपड्या हटवण्याची घोषणा झाली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासीयांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे मान्य केले. मात्र योग्य सूचना देऊन झोपड्या हटवण्यास मनाईही केली नाही. तत्त्व जिंकले आणि छप्पर मात्र धोक्यातच राहिले.

या पार्श्वभूमीवर १९८४ साली शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पार्क' ही संस्था सुरू केली होती. भायखळा-नागपाडा परिसरातील पदपथावर राहणाऱ्या स्त्रियांसोबत त्या काम करीत. निकाल येणार हे ठाऊक असताना त्यांनी प्रथम काय केले? मोर्चा काढला नाही; माणसे मोजली. १९८५ मध्ये सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी होऊन तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ही माणसे कोठून आली, किती वर्षे येथे आहेत, काय काम करतात, पाण्याला किती पैसे मोजतात, हे सारे प्रथमच कागदावर आले. ज्यांची कोणत्याही सरकारी दप्तरात नोंद नव्हती त्यांच्याविषयी बोलायचे तर आकडे याच स्त्रियांकडे मागावे लागतील, अशी स्थिती निर्माण झाली. गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी हा धडा अत्यंत मोलाचा आहे. घरोघर जाऊन स्वतः केलेली, ग्रामसभेत वाचून दाखवलेली आणि चुकल्यास दुरुस्त केलेली यादी ज्या संस्थेकडे असते, तिचे म्हणणे गट विकास अधिकाऱ्यासही ऐकावे लागते.

१९८६ मध्ये या स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. रोजची अल्प बचत हा तिचा कणा. बचत गोळा करणारी स्त्री दररोज प्रत्येक दारी जाते. त्यामुळे कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले, कोणाच्या घरी मारहाण होते हे तिला आपोआप कळते. रक्कम लहान असली तरी ही माहिती अमूल्य असते. घर कसे हवे याची चर्चाही त्यांनी स्वतःच केली : कापड आणि लाकूड लावून खऱ्या आकाराचे नमुन्याचे घर उभारायचे, आत जाऊन पाहायचे, भांडायचे, बदल सुचवायचे. चौदा फूट उंचीची खोली आणि तिच्यात अर्धा माळा ही कल्पना अशाच चर्चेतून पुढे आली, कारण जागा लहान असली तरी उंची मिळाली तर कुटुंबाची सोय होते हे पदपथावर राहिलेल्या बाईला वास्तुविशारदापेक्षा अधिक कळत होते.

'स्पार्क' आणि 'महिला मिलन' यांच्या जोडीला तिसरी शक्ती होती ती राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाची, आणि तिचे नेते होते जॉकिन अर्पुथम. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात १९४७ साली जन्मलेला हा सुतारकाम करणारा तरुण मुंबईत आला आणि जनता कॉलनीत राहू लागला. ती वसाहत हटवण्याविरुद्ध त्यांनी दीर्घ लढा दिला. तरीही आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ती पाडली गेली आणि रहिवाशांना चिता कॅम्पला हलवण्यात आले. या पराभवानंतर जॉकिन यांची पद्धत हळूहळू बदलली. केवळ 'पाडू नका' म्हणण्याऐवजी 'आम्हाला कोठे, कसे आणि कोणत्या अटींवर घर देणार' याची मांडणी घेऊन ते अधिकाऱ्यांसमोर बसू लागले. काही जुन्या सहकाऱ्यांना ही तडजोड वाटली. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. शीला पटेल यांनाही २०११ मध्येच पद्मश्री देण्यात आली.

या कथेचा दुसरा भागही सांगणे आवश्यक आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन करताना 'स्पार्क'ने शासनासोबत भागीदार म्हणून काम केले. बळाचा वापर न होता लोक स्वतःच आपल्या झोपड्या उतरवून नव्या ठिकाणी गेले, याचे कौतुक झाले. परंतु नव्या वसाहतींतील पाणी, कचरा, कामापासूनचे अंतर आणि तक्रारींची दखल न घेतली जाणे यांविषयी रहिवासी व दुकानदारांनी २००४ पासून जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या काही भागांचा निधी काही महिने रोखून धरला. संस्था लोकांच्या बाजूची, की प्रकल्प पूर्ण करून देणारी कंत्राटदार, असा प्रश्न त्या वेळी टीकाकारांनी विचारला. आम्हाला तो प्रश्न रास्त वाटतो. शासनासोबत काम केल्याशिवाय मोठ्या संख्येने घरे होत नाहीत हे खरे. पण ज्या दिवशी संस्थेचे कार्यालय लोकांच्या तक्रारी ऐकण्याऐवजी त्यांना समजावण्याचे ठिकाण होते, त्या दिवशी तिची दिशा सुटलेली असते. करार करतानाच तक्रार ऐकणारी व्यवस्था संस्थेबाहेरची असावी अशी अट घालून घेणे शहाणपणाचे.

लातूरची आठवण

मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या या भागातील वाचकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येणार नाही. किल्लारी परिसरातील भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरील मातीचे जड माळवद यांनीच बहुतेकांचा जीव घेतला. देशभरातून संस्था धावून आल्या, आणि ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. आखीव चौक, रुंद रस्ते, सारखी घरे. त्यांत राहायला गेल्यावर लक्षात आले की बैल कोठे बांधायचा, कडबा कोठे रचायचा, धान्याची कणगी कोठे ठेवायची याचा विचार पुष्कळ आराखड्यांत झालेला नाही. भावकी एकत्र राहत असे ती दूर फेकली गेली. देणाऱ्याच्या मनातले घर आणि घेणाऱ्याच्या आयुष्यातले घर यांची अशी फारकत होते.

याच आपत्तीत एक वेगळा प्रयोगही झाला. ज्या गावांत घरे पूर्ण कोसळली नव्हती तेथे दुरुस्ती व बळकटीचे काम घरमालकांनी स्वतः करावे आणि त्यांना समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, यासाठी गावोगावच्या स्त्रियांची 'संवाद सहायक' म्हणून निवड झाली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने ते काम उभे केले. सिमेंटची गोणी जुनी आहे की नवी, सळई ठरल्या जाडीची आहे की नाही, हे विचारणारी बाई गावातलीच असली की गवंडीही जपून काम करतो.

खाणीच्या कडेला एक नगर

आपल्या ख्रिस्तसभेतील एक उदाहरण येथे विस्ताराने देण्याजोगे आहे. मादागास्करची राजधानी अंतानानारिवो येथे फादर पेद्रो ओपेका हे लझारिस्ट संघाचे धर्मगुरू काम करतात. त्यांचा जन्म १९४८ साली अर्जेंटिनात, स्लोव्हेनियातून आलेल्या कुटुंबात झाला. वडील गवंडी होते आणि फादर पेद्रो लहानपणीच त्यांच्याकडून वीट रचायला शिकले. १९८९ मध्ये शहराच्या कचराडेपोवर अन्नाच्या तुकड्यासाठी झटणारी मुले त्यांनी पाहिली आणि तेथील कुटुंबांसह 'अकामासोआ' ही संस्था सुरू केली. या शब्दाचा अर्थ चांगले मित्र. कचराडेपोवरील लोकांनीच डोंगरातील दगड फोडून, विटा पाडून हजारो घरे, शाळा आणि दवाखाने उभे केले. काम करू शकणाऱ्यास फुकट काही द्यायचे नाही आणि मुलाने शाळेत जायलाच हवे, हे नियम त्यांनी कठोरपणे पाळले. ८ सप्टेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अकामासोआला भेट दिली आणि खाणीजवळ श्रमिकांसाठी प्रार्थना केली.

अंगमेहनतीचा हा वाटा हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या पद्धतीतही असतो. भारतात तिचे काम १९८३ मध्ये खम्मम येथे सुरू झाले. २००६ साली लोणावळ्याजवळ माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या उपस्थितीत देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी आणि लाभार्थी कुटुंबांनी मिळून शंभर घरे उभारली होती. स्वयंसेवकांच्या अशा आठवड्याने उत्साह वाढतो यात शंका नाही. मात्र स्थानिक गवंड्याचा रोजगार बुडवून हौशी माणसाने वाकडी भिंत बांधणे परवडणारे नाही, एवढे तारतम्य धर्मग्रामातील युवकांची शिबिरे आखताना ठेवावे.

नोंदणी, हिशेब आणि जमीन

संस्था नोंदवताना तीन मार्ग आहेत : सोसायटी नोंदणी अधिनियम १८६०, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० आणि कंपनी अधिनियम २०१३ चे कलम ८. महाराष्ट्रात सोसायटीसुद्धा धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदली जाते. विश्वस्त बदलल्यास त्याचा अहवाल ९० दिवसांत द्यावा लागतो. जुन्या संस्थांचे कज्जे पुष्कळदा येथूनच सुरू होतात, म्हणून नव्याने जबाबदारी घेणाऱ्याने पहिल्याच महिन्यात हे कागद तपासावेत. आयकर कायद्याखालील नोंदणी आणि देणगीदारास सवलत मिळवून देणारी मान्यता या दोन्हींची मुदत संपण्याच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची स्वतंत्र नोंद आवश्यक झाली आहे.

परदेशी देणगीविषयी विशेष सावधगिरी हवी. विदेशी अंशदान अधिनियमात २०२० साली झालेल्या बदलांनुसार असा निधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच येतो, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली आहे. पूर्वी मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे पैसा झिरपत असे, ते थांबले. तालुक्याच्या ठिकाणच्या संस्थेने म्हणूनच स्थानिक वर्गणीचा पाया घालावा. महिना पन्नास रुपये देणारे दोनशे लोक हा आधार एखाद्या मोठ्या देणगीदाराहून टिकाऊ ठरतो, शिवाय हे दोनशे जण हिशेब विचारतात.

धर्मग्रामाच्या किंवा एखाद्या संघाच्या मालकीची पडीक जमीन घरांसाठी द्यावी, अशी सूचना चांगल्या हेतूने केली जाते. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची जमीन विकणे, देणगी देणे किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे यासाठी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ख्रिस्तसभेच्या मालमत्तेबाबत धर्मसभेच्या कायद्याचीही बंधने आहेत. या दोन्ही परवानग्यांआधी कोणाही कुटुंबाला शब्द देऊ नये. दिलेला आणि न पाळलेला शब्द गावात फार काळ लक्षात राहतो.

विश्वासाचा प्रश्न

लाभार्थ्यांची यादी धर्मग्रामाच्या नोंदवहीवरून कदापि करू नये. ज्या तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आहेत तेथे घर देण्यामागे दुसरा हेतू असल्याचा संशय घेतला जाऊ शकतो. त्याचे उत्तर भाषणांनी देता येत नाही. निकष आधी लिहून जाहीर करणे, यादी ग्रामसभेपुढे ठेवणे, आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळात गावातील इतर धर्मीयांना व विशेषतः स्त्रियांना खरे अधिकार देणे, हाच उपाय आहे. आपल्या माणसाला डावलले म्हणून चर्चच्या अंगणात कुरकुर होईल. ती ऐकून घ्यावी आणि यादी तशीच ठेवावी.

अर्ज भरून देण्यासाठी एक रुपयाही घेऊ नये. या कामात दलाल असतातच, आणि संस्थेच्या कार्यकर्त्याने चहापाण्याचे पैसे घेतले की त्याच्यात आणि दलालात गावाला फरक दिसत नाही. कार्यकर्त्याला वेळेवर आणि पुरेसे वेतन देणे हा याचा प्रतिबंध आहे. सेवेच्या नावाखाली तुटपुंज्या मानधनावर तरुणांना राबवणाऱ्या संस्था आम्हाला मान्य नाहीत. दुसऱ्याच्या घरासाठी झटणारा मुलगा स्वतः भाड्याच्या खोलीचे पैसे थकवून बसला असेल, तर ते संस्थेच्या प्रमुखाचे अपयश समजावे.

प्रमुखाविषयीही दोन शब्द स्पष्ट लिहायला हवेत. फ्रान्समध्ये १९५४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बेघरांसाठी देशाला साद घालणारे आबे पिएर हे धर्मगुरू अर्धे शतक लोकांच्या गळ्यातील ताईत होते. त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, २०२४ साली, त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी प्रकाशात आल्या. त्यांनी स्थापन केलेल्या एमाऊस चळवळीनेच स्वतंत्र चौकशी करवून त्या जाहीर केल्या, आणि त्यांचे नाव धारण करणाऱ्या निवारा प्रतिष्ठानाने आपले नाव बदलले. बेघरांचे काम मात्र चालू राहिले. मदतीची गरज असलेली स्त्री आणि मदत देणारा अधिकारवान पुरुष यांच्यातील विषमता घरकुलाच्या कामात रोजची आहे. गृहभेटीला कार्यकर्त्याने एकट्याने न जाणे, तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रमुखाच्या हाताखालची नसणे, प्रमुखाच्या पदाची मुदत घटनेतच ठरवणे, हे नियम संत समजल्या जाणाऱ्या माणसालाही लागू असावेत. किंबहुना त्याला आधी.

घर ताब्यात आल्यावर

छत पडले की बहुतेक संस्थांच्या दप्तरात काम संपते. कुटुंबाचे खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात : नळजोडणी, वीजमीटर, घरपट्टी, पहिल्या पावसात गळणारा कोपरा. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर प्रत्येक घराला पुन्हा भेट देण्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी. मुंबईच्या उंच इमारतींत गेलेल्या कुटुंबांना लिफ्टचे बिल आणि देखभाल खर्च जड गेला; देऊळगाव राजाच्या बैठ्या घरांत तो प्रश्न नाही, पण कर्जाचा आहे. घर मोठे करण्याच्या हौसेने मंजूर आकाराच्या दुप्पट जोते घातलेली आणि वर्षानुवर्षे छताविना राहिलेली बांधकामे अनेक गावांत दिसतात. आराखडा काढतानाच आज एक खोली आणि स्वयंपाकघर पूर्ण करू, उरलेल्या बाजूला सळया सोडून ठेवू, असे पटवून देणारा गवंडी संस्थेने जोडून ठेवावा.

शेवटी नावाविषयी. ग्रामीण आवास योजनेच्या नियमांनुसार घर पती आणि पत्नी यांच्या संयुक्त नावे किंवा पत्नीच्या नावे मंजूर होते. विधवा, अविवाहित किंवा विभक्त व्यक्तीस ते एकट्याच्या नावे मिळते. मंजुरीपत्रावर असलेले स्त्रीचे नाव नमुना ८ वर मात्र पुष्कळदा चढतच नाही, आणि पतीच्या निधनानंतर दीर-भावजयींच्या वादात तिच्या हाती कोणताही कागद राहत नाही. ही नोंद करून घेण्यास लागतो ग्रामपंचायतीकडे एक अर्ज, मंजुरीपत्राची प्रत आणि दोन-तीन खेपा. घराच्या चाव्या देण्याचा समारंभ ठेवायचाच असेल, तर ही नोंद झालेला उतारा त्या बाईच्या हाती देता येईल अशा दिवशीच ठेवावा.